एकपदरी भिंत आणि झाकलेली देग

वागळे इस्टेटमधल्या रोजेदार कामगाराचे इफ्तार बहुतेक वेळा त्याच्या घरी होत नाही. पाळी साडेसहाला सुटते आणि मगरिबची अजान पावणेसातच्या आसपास होते. मधल्या पंधरा मिनिटांत हाजुरी गाठता येते, एखाद्याला राबोडीही जमते. पण मुंब्रा, कौसा किंवा भिवंडीला पोहोचायचे म्हटले तर तीन हात नाक्यावरच अजान ऐकू येते. मग कारखान्याच्या आवारात, गाळ्याच्या ओट्यावर किंवा जवळच्या मशिदीत दस्तरखान अंथरले जाते. खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे, बर्फ घातलेले सरबत आणि कुणीतरी सवाबच्या नियतीने सांगितलेली खिचड्याची किंवा बिर्याणीची देग. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची सुरुवात ज्या वसाहतीत झाली, तिथे आज लेथ मशीनच्या शेजारी आयटी पार्क उभे आहेत. इफ्तारच्या वेळी मात्र दोन्हीकडची माणसे एकाच ताटाभोवती बसलेली दिसतात.

या चित्रात एकच गोष्ट काळजीची आहे, आणि ती म्हणजे घड्याळ. पावणेसातला वाढायची देग दुपारी दोन-अडीचला उतरवलेली असते. झाकण लावून, वर फडके बांधून ती टेम्पोतून येते. तरावीहनंतर उरलेले पुन्हा खाल्ले जाते, आणि त्यातूनही उरले तर पहाटेच्या सहरीला गरम होते. म्हणजे एकच अन्न बारा-चौदा तासांत तीनदा ताटात येते. या तासांत देगीत काय घडते हे स्वयंपाक करणाऱ्यांना थोडेफार ठाऊक असते. ते अन्न पोटात गेल्यावर आतड्याच्या पेशी काय करतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. खरे तर रोजेदाराने जाणून घ्यावे असे बरेच काही तिथेच आहे.

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर बोटासारखे बारीक उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावरच्या पेशींना आणखी बारीक केस असतात. सगळ्या घड्या उलगडल्या तर पूर्ण अन्ननलिकेचे क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस मीटर भरते, असे स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये मोजून दाखवले. किसननगरातल्या एखाद्या खोलीपेक्षा हा पसारा मोठा आहे. एवढ्या मोठ्या सीमेवर भिंत किती जाड? फक्त एका पेशीची. एकीकडे जेवण, पाणी आणि अब्जावधी जिवाणू, दुसरीकडे रक्त. मध्ये एक पदर.

भिंत जाड करून भागले नसते, कारण अन्न याच भिंतीतून आत घ्यायचे असते. म्हणून पातळ राहूनच पहारा द्यायची सोय तिच्यात आहे. काही पेशी सुरईच्या आकाराच्या असतात आणि सतत चिकट द्रव ओतत राहतात. त्या थरात जिवाणू अडकून बसतात. उंचवट्यांच्या तळाशी खोलगट विहिरी असतात. तिथल्या पेशी जिवाणूंची कातडी फोडणारी रसायने सोडतात. ऑस्ट्रियाचे योझेफ पानेथ यांनी १८८८ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पानेथ पेशी म्हणतात. शेजारच्या दोन पेशींमधली फट क्लॉडिन नावाच्या प्रथिनांनी शिवलेली असते. लॅटिनमध्ये ‘बंद करणे’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. आणि ही अख्खी भिंत दर तीन ते पाच दिवसांनी नवी होते. विहिरीच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत जाते आणि टोकाला पोहोचली की गळून पडते.

यातला धोक्याच्या घंटेचा बंदोबस्त तर पाहण्यासारखा आहे. जिवाणूंच्या शेपटीचे प्रथिन ओळखणारी एक घंटा पेशीवर असते. पण आतड्यात चांगले जिवाणूही शेपट्या हलवत फिरत असतात. प्रत्येक वेळी घंटा वाजली तर पोटाला शांतताच मिळायची नाही. म्हणून ती मुख्यतः पेशीच्या आतल्या बाजूला, रक्ताकडच्या अंगाला बसवलेली असते. कुणी भिंत ओलांडली तरच ती वाजते.

देगीच्या तळाशी

आता दुपारच्या देगीकडे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा मातीत, धुळीत आणि जनावरांच्या आतड्यात सहज सापडणारा जिवाणू. मांसाबरोबर तो स्वयंपाकघरात येतो. अन्न उकळले की तो मरतो, पण त्याची बीजे टिकतात. ही बीजे म्हणजे कवचात झोपलेला जिवाणू. उकळत्या पाण्यालाही ती दाद देत नाहीत. उलट उकळल्यामुळे देगीतली हवा निघून जाते, आणि या जिवाणूला हवा नकोच असते. देग खाली उतरली, झाकण लागले, तापमान हळूहळू पन्नास अंशांच्या खाली आले की बीजे फुटतात. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर हिशेब मांडला तर एकाचे तीन तासांत अडीच लाखांहून जास्त होतात. पन्नास-साठ किलोच्या देगीचा मधला भाग तीन तासांत थंड होतच नाही. तो नेमका याच उबेत राहतो. वरून हात लावला तर देग ‘अजून गरम आहे’ असे समाधान वाटते. पण गरम म्हणजे किती, हाच प्रश्न आहे. खिचडा, निहारी, हलीम असे घट्ट, मांसाचे आणि सावकाश निवणारे पदार्थ त्याला फार मानवतात. लग्नाच्या आमटीलाही हेच लागू आहे. देगीला धर्म नसतो.

असे अन्न पोटात गेले की जिवाणू आतड्यात पोहोचून पुन्हा बीजरूप घ्यायला लागतात आणि त्या वेळी एक विष सोडतात. त्या विषाचे लक्ष्य थेट क्लॉडिन असते. भिंतीचे जे टाके तिला बांधून ठेवतात त्यांतल्याच दोन प्रकारांना ते पकडते आणि पेशीच्या पापुद्र्याला भोके पाडते. भोकांतून कॅल्शियम आत घुसते आणि पेशी मरते. हे विष पेशीच्या नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे जपानी संशोधक १९९७ मध्ये शोधत होते. ते प्रथिन क्लॉडिनच्याच घराण्यातले आहे हे पुढे स्पष्ट झाले. शिवणीचा अभ्यास करणाऱ्यांना आणि चोराचा माग काढणाऱ्यांना एकाच दारात भेट व्हावी, तसा हा प्रकार.

रोजेदाराला याचा अनुभव मध्यरात्रीनंतर येतो. खाल्ल्यापासून सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि पातळ जुलाब. ताप सहसा नाही, उलटीही क्वचित. बहुतेकांचे चोवीस तासांत निभावते. पण त्या चोवीस तासांत पुढचा अख्खा रोजा येतो.

उलटी आधी आणि तीही लवकर, इफ्तारनंतर एक ते सहा तासांत झाली, तर बहुधा दोषी वेगळा असतो. स्टॅफिलोकोकस माणसाच्या नाकात, बोटाच्या जखमेत राहतो आणि हाताळलेल्या अन्नात वाढतो. झाकून ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियसची बीजे फुटतात. या दोघांची विषे अन्नातच तयार होऊन बसलेली असतात, आणि ती पुन्हा गरम केल्याने जात नाहीत. सहरीला बिर्याणी ‘चांगली उकळून घेतली’ हे उत्तर इथे उपयोगी पडत नाही. देगीतला पहिला जिवाणू नीट गरम केल्याने मरतो, ही गोष्ट खरी. पण यांची विषे तशीच उरतात.

इथे भिंतीतल्या आणखी एका प्रकारच्या पेशी कामाला येतात. शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, मेंदूत नव्हे. आणि ते मुख्यतः या पेशी बनवतात. बीजिंगच्या संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवर काम करून या घंटेची तार शेवटपर्यंत शोधली. स्टॅफिलोकोकसचे विष आतड्यात पोहोचले की या पेशी सेरोटोनिन सोडतात, तो निरोप व्हेगस मज्जातंतूवरून मेंदूच्या देठाशी जातो आणि तिथून उबळीचा हुकूम निघतो. उंदीर उलटी करू शकत नाही, पण उबळ त्यालाही येते. तेवढ्यावर संशोधकांनी काम भागवले. डॉक्टर उलटी थांबवायला जी ओंडान्सेट्रॉनची गोळी देतात, ती सेरोटोनिनचा हाच निरोप अडवते. उलटी म्हणजे भिंतीने ओळखलेले संकट, ज्याने तोंडातून यायचे त्याने तोंडातूनच जावे असा हुकूम. आपोआप झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही, हे बहुतेक रोजेदारांना ठाऊक असते.

जो जाणूनबुजून आत येतो

वरचे सगळे भिंतीला बाहेरून त्रास देणारे. साल्मोनेला आणि शिगेला यांना भिंतीच्या आत शिरायचे असते. कच्चे अंडे, अर्धवट शिजलेली कोंबडी, कोंबडी कापलेल्या पाटावरच चिरलेले टरबूज, अशा वाटांनी साल्मोनेला येतो. त्याच्याजवळ खरोखरच्या सुईसारखे यंत्र असते. पेशीला चिकटून तो या सुईतून आपली प्रथिने तिच्यात टोचतो. त्यांच्या प्रभावाखाली पेशीचा आतला सांगाडा बदलतो, तिच्या पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्या लाटा जिवाणूलाच कवेत घेऊन आत ओढतात. ई. कोलायचा एक प्रकार तर याहून बिलंदर. तो पेशीला धरायची मूठ स्वतःच सोबत आणतो, ती आधी पेशीत टोचतो आणि मग तिलाच धरून बसतो. कॅनडातल्या ब्रेट फिनले यांच्या प्रयोगशाळेने हे १९९७ मध्ये दाखवले तेव्हा जिवाणूशास्त्रातल्या अनेकांना आपली जुनी पाठ्यपुस्तके बाजूला ठेवावी लागली.

घुसखोरी झालेली पेशी मात्र गप्प बसत नाही. तिच्या आतल्या द्रवात दुसरे पहारेकरी असतात. सुईचे आणि शेपटीचे तुकडे त्यांच्या हाती लागले की पेशी स्वतःला भिंतीतून बाहेर ढकलवून घेते, आत शिरलेल्या जिवाणूंसकट. शेजारच्या पेशी त्याच वेळी खालून एकमेकींकडे सरकतात आणि दोरीने पिशवीचे तोंड आवळावे तशी जागा बंद करतात. भिंतीला भोक पडत नाही. झुरिकच्या वोल्फ-डीट्रिश हार्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत हे दाखवले. ज्या उंदरांत हा पहारा नव्हता, त्यांच्या भिंतीत जिवाणू कित्येक पटींनी जास्त सापडले. जाणारी पेशी जाता जाता रासायनिक हाकही देते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. ताप, मुरडा, शौचातून आव ही त्या धावपळीची लक्षणे.

साल्मोनेलाने यातूनही फायदा काढला आहे, हे सांगितले नाही तर गोष्ट अर्धवट राहील. पांढऱ्या पेशी जिवाणूंना मारायला जी दाहक रसायने सोडतात, त्यांच्यामुळे आतड्यात टेट्राथायोनेट नावाचा पदार्थ तयार होतो. आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंना त्याचा उपयोग नसतो; साल्मोनेला मात्र श्वासासाठी तोच वापरतो. त्याला जाळायला पेटवलेल्या चुलीवर तो स्वतःची भाकरी भाजून घेतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे उलगडले.

याच घराण्यातला विषमज्वराचा जिवाणू अगदी उलट वागतो, आणि त्याची ठाणेकरांनी जास्त धास्ती घ्यायला हवी. तो अंगावर साखरेच्या रेणूंचे पांघरूण घेऊन येतो. त्याखाली घंटेला लागणारे भाग झाकले जातात, पांढऱ्या पेशींची धावपळ होत नाही, आणि मोठा जुलाब न होताच तो भिंत ओलांडून रक्तात, यकृतात आणि प्लीहेत पोहोचतो. माणूस आठवडा-दोन आठवड्यांनी तापाने पडतो तेव्हा कोणत्या दिवशी काय खाल्ले हे त्याला आठवतही नाही. गंमत म्हणजे लसही याच पांघरुणापासून बनते. खाडीपलीकडच्या नवी मुंबईने २०१८ मध्ये ही नवी संयुग्म लस महापालिकेच्या मोहिमेतून मुलांना दिली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम राबवण्याची ती जगातली पहिली वेळ होती. त्या वर्षीच्या फेरीत १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना लस मिळाली. खाडीच्या अलीकडे याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

हे सगळे कळते कसे? जिवंत माणसाच्या आतड्यात डोकावता येत नाही. म्हणून प्रयोगशाळा काचेच्या बशीत आतडे वाढवतात. त्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशी ‘काको-२’ नावाच्या. आतड्याचा कर्करोग झालेल्या एका ७२ वर्षांच्या पुरुषाच्या गाठीतून १९७०च्या दशकात अमेरिकेत त्या वेगळ्या केल्या गेल्या. बशीत तीन आठवडे ठेवल्या तर त्या आपोआप एकपदरी अस्तर धरतात, केसही उगवतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशींचे वाण पुरवणे हे तिचे मूळ काम. २००९ पासून तर निरोगी मूळपेशींपासून मोहरीएवढी आतडी उगवता येऊ लागली आहेत, आणि त्यांवर साल्मोनेला सोडून वरचे नाटक सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

पाणी कोण सोडते?

जुलाबाबद्दल सर्वसाधारण समज असा की जिवाणूने शरीरातले पाणी पळवले. पटकीच्या बाबतीत ते खरे आहे. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे जिवाणू सोडले आणि तो पाण्याने फुगलेला पाहिला. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की जिवाणू काढून टाकून नुसता त्यांचा द्रव घातला तरी हेच होते. म्हणजे विष पेशीला हुकूम देते आणि पेशी स्वतःच क्षाराचे आणि त्यामागून पाण्याचे नळ उघडते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते.

पण इतर अनेक संसर्गांत नळ उघडणारा हात भिंतीचाच असतो. अमेरिकेतल्या जेरोल्ड टर्नर यांच्या गटाने २०१७ मध्ये पाहिले की संसर्ग होताच, नुकसान व्हायच्या आधीच, पेशी आपल्या शिवणीत क्लॉडिन-२ नावाचा सैल टाका वाढवतात. त्यातून सोडियम आणि पाणी आतड्यात झिरपते आणि जिवाणू वाहून जातात. ज्या उंदरांत हा टाका नव्हता त्यांना जुलाब कमी झाले, पण आजार जास्त झाला. मोरी तुंबली की घरातली बाई बादलीभर पाणी एकदम ओतते, तेच इथे घडते.

वागळे इस्टेटमधल्या कामगाराचा प्रश्न नेमका इथे येतो. रात्री चारदा उठलेला माणूस सहरीला दोन घोट पाणी पितो आणि मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी घेऊन नियत करतो. दिवसभराची हजेरी बुडवायची नाही आणि रोजाही सोडायचा नाही. गोळी आतड्याची हालचाल मंद करते. मोरीत ओतलेले पाणी मध्येच अडते आणि सोबतचा जिवाणूही. शौचात रक्त किंवा अंगात ताप असताना ही गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. उरलेल्या पानातली प्रतिजैविकाची गोळीही तशीच. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात ती धडधाकट माणसाचे आजारपण कमी करत नाही, उलट जिवाणू जास्त दिवस शौचातून येत राहू शकतो. ई. कोलायच्या एका घातक प्रकारात तर ती मूत्रपिंडावर बेतू शकते. भट्टीशेजारी किंवा पत्र्याच्या शेडखाली, फेब्रुवारी-मार्चच्या ठाण्याच्या उकाड्यात, घामाने आणखी पाणी जाते. शरीर आधी लघवी बंद करते, मग डोके गरगरते, मग रक्तदाब उतरतो.

आजारी माणसाने रोजा सोडावा आणि नंतर तेवढे दिवस भरून काढावेत, ही मुभा कुरआनमध्ये सूरह बकरात रोजाच्या हुकुमासोबतच दिलेली आहे. आधी हुकूम आणि पुष्कळ नंतर पळवाट असा तो क्रम नाही. तरीही आजारात रोजा न सोडणे हे धाडस समजले जाते आणि सोडणाऱ्याकडे जरा तिरके पाहिले जाते. हे पाहणारे त्याच्या पेशींचा हिशेब करत नसतात. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर हा हिशेब तासांत करावा लागतो.

पाण्याचा उपाय सापडला तोही याच भिंतीत. पटकीच्या विषाने क्षाराचे नळ उघडे पडले तरी पेशीचा एक दरवाजा शाबूत राहतो. साखर आणि सोडियम हातात हात घालून आले तर तो दोघांना आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी येते. नुसते पाणी, नुसते मीठ किंवा नुसती साखर हे काम करत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगावच्या छावणीत सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये साखर-मीठ कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

महाराष्ट्रातही उपवासाच्या दिवशीच असा प्रसंग ओढवला होता. २० फेब्रुवारी २०२४ च्या एकादशीला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाल्लेल्या शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात, म्हणून बाहेर दोऱ्या ताणून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. लोक जमिनीवर आडवे आणि डोक्यावर बाटल्यांची रांग, ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्या दोऱ्यांवर टांगलेले आणि बनगावच्या ड्रममध्ये कालवलेले, मूळ सामान एकच आहे: पाणी आणि क्षार. शुद्धीवर असलेल्या आणि पिऊ शकणाऱ्या माणसाला ते तोंडानेही देता येते.

जलसंजीवनीची पुडी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर जास्त घातली तर उलटा परिणाम होतो, आतड्यात पाणी ओढले जाते. म्हणून लाल सरबत किंवा कोला हा पर्याय नव्हे. गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ लिहून विकण्याला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, ताप उतरत नाही किंवा माणूस असंबद्ध बोलतो, असे असेल तर घरगुती उपाय सोडून रुग्णालय गाठावे. कामगार विमा योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे.

रिकाम्या पोटाचे काय?

चौदा तास रिकामे पोट संसर्गाला जास्त बळी पडते का, असे विचारले जाते. रिकाम्या जठरातले आम्ल तीव्र असते आणि ते बरेच जिवाणू मारते. पण पाणी आणि सरबत रिकाम्या जठरातून झपाट्याने पुढे जाते, म्हणून पहिल्या घोटातला बर्फ कुठला, हे महत्त्वाचे. न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. पांढरा म्हणजे चांगला, असा त्याचा अर्थ मात्र होत नाही. रमजानात ॲसिडिटीच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात; त्या आम्ल कमी करतात आणि साल्मोनेलासारख्यांचा रस्ता सोपा होतो. कॅनडात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ तास उपाशी ठेवलेल्या उंदरांना तोंडावाटे साल्मोनेला दिल्यावर आजार कमी झाला. समाजमाध्यमांवर हा प्रयोग ‘रोजाची करामत’ म्हणून फिरवण्याचा मोह होईल. उंदराचे ४८ तास आणि माणसाचे चौदा तास यांची बेरीज होत नाही, आणि रोजाला अशा प्रमाणपत्राची गरजही नाही.

देगीचा इंतजाम फार अवघड नाही. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर, म्हणजे खाली निखारा किंवा मंद आच; उरलेले ठेवायचे तर खोल भांड्यात झाकून नव्हे, पसरट परातींत काढून लवकर निववून ५ अंशांच्या खाली; पुन्हा गरम करताना मधोमध ७५ अंश. अन्नपदार्थांबाबत तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचे ठाण्याचे कार्यालय दूर नाही. ते वागळे इस्टेटमध्येच, रोड नंबर १६ वरच्या एमआयडीसीच्या इमारतीत आहे. दर वर्षी देग देणाऱ्यांपैकी काही जणांनी ती दुपारऐवजी पाच वाजता उतरवायला सांगितली, तरी जिवाणूंचे तीन तास बुडतात.

आजार गेल्यावर भिंत पुन्हा उभी राहते. विहिरींच्या तळाशी मूळपेशी कामाला लागतात आणि काही दिवसांत उंचवटे नव्या पेशींनी झाकले जातात. फक्त दूध पचवणारा लॅक्टेज हा रस उंचवट्यांच्या वरच्या भागातल्या पिकलेल्या पेशींकडे असतो, आणि तो सगळ्यात शेवटी परततो. रमजानच्या अखेरच्या आठवड्यात ज्यांचे पोट बिघडले, त्यांना ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची दुसरी वाटी जड जाते ती यामुळे. तो आजार उलटलेला नसतो. त्या पेशी अजून वर चढत असतात, आणि आठवडा-दोन आठवड्यांत दूध पुन्हा पचू लागते.